आधी बाप, मग लेक

मोंचा व्हियारेआलनं टेक्सासच्या सरहद्दीवरच्या लारेडोत एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली. हॉर्न मारून पोराला बाहेर बोलावणं तिला मान्य नव्हतं. दारासमोर बस उभी करायची आणि खिडकीतून त्याच्या आईच्याच नावानं ओरडायची. सगळी गल्ली ऐकतेय म्हटल्यावर आई लाजून पोराला अर्ध्या बुटात बाहेर ढकलायची. मी तिची शेजारीण. तिच्या थोरल्याची मी धर्ममाता, म्हणून ती मला कोमाद्रे म्हणते, मी तिला.

एकसष्टाव्या वर्षी ती निवृत्त झाली आणि तिसऱ्याच आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"कोमाद्रे, मी ला इगेराला बस सुरू करतेय."

ला इगेरा म्हणजे तिच्या आजीचं, टोमासा तिहेरिनाचं गाव. सरहद्दीचा पूल ओलांडून, पलीकडे मेक्सिकोतल्या नुएवो लेओनमध्ये दोन तासांवर. तिथली एकुलती एक बस बंद पडून चार वर्षं झाली होती. बारावीची पोरं साबिनासच्या शाळेला जाताना कुणाच्या तरी पिकअपच्या मागे उभी राहून जात, आणि म्हाताऱ्यांना डॉक्टर गाठायचा तर पुतण्याची मर्जी बघावी लागे.

"मला बस चालवता येते, गावाला बस हवीय. यात विचार कसला करायचा?" ती म्हणाली.

विचार परवान्याच्या कचेरीनं केला. प्रवासी बसचा परवाना फक्त मेक्सिकोच्या नागरिकाला मिळतो, आणि मोंचाचा जन्म टेक्सासचा. तिच्या बापाचाही टेक्सासचाच.

"पण माझी आजी याच मातीतली आहे," ती खिडकीतल्या माणसाला म्हणाली.

"मग व्हा की मेक्सिकन, सेन्योरा. आम्ही कुठं नको म्हणतोय? फक्त सप्टेंबरअखेर व्हा, अर्ज तोवरच घेतोय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लारेडोतल्या मेक्सिकोच्या वकिलातीत. तिथं सेर्तुचे नावाची एक तरुण अधिकारी होती, चष्मा कपाळावर सरकवून बोलणारी. तिनं नीट समजावलं. पूर्वी बाहेर जन्मलेल्या पहिल्या पिढीपाशीच हक्क थांबायचा, आता कायदा बदललाय. पण आजीवरून नातीवर उडी मारता येत नाही. टोमासाबाईंच्या जन्माच्या दाखल्यावर आधी मुलाची नोंद व्हायची, आणि तो मेक्सिकन झाला की त्याच्यावरून मुलीची.

"वडील आहेत ना?"

"आहेत म्हणजे? चौऱ्याऐंशीचे आहेत, आणि अजून मला गाडी कशी चालवायची ते शिकवतात."

मोंचाला वाटलं, आता काय, दोन सह्यांचं काम. त्याच आठवड्यात तिनं शाळेच्या लिलावात एक जुनी बस उचलली आणि घरासमोर आणून उभी केली. बस इतकी लांब की तिचं शेपूट माझ्या फाटकासमोर आलं.

मग तिनं बापाला सांगितलं. सगळे त्याला मानाचं ‘दोन’ लावून दोन वेन्चो म्हणत. रेल्वेच्या यार्डात जन्म घालवलेला माणूस, बोटं अजून सांडशीसारखी. त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला, वाचला आणि टेबलावर ठेवून दिला.

"मी सही करणार नाही."

"का, आपा?"

"यावर वेस्ली लिहिलंय."

त्याच्या जन्माच्या दाखल्यावर तसंच होतं. कापूस वेचणाऱ्यांच्या तळावर तो जन्मला, आणि नोंद करणाऱ्या नर्सला वेन्सेस्लाओ लिहिता येईना. तिनं सोयीचं नाव टाकलं. शाळेत वेस्ली, फौजेत वेस्ली, यार्डात वेस्ली. घरात मात्र जन्मापासून वेन्सेस्लाओचा वेन्चो.

"आपा, चौऱ्याऐंशी वर्षं चाललं ना हे नाव? अजून दोन महिने चालवा."

"तिकडं त्यांची सोय होती, चालवून घेतलं. पण आईच्या देशात मी परक्या नावानं शिरायचं? वेस्ली कधी मेक्सिकन असतो का ग? कुत्रीसुद्धा हसतील."

मोंचा तणतणत माझ्याकडे आली. "सेर्तुचेबाई म्हणते, वेस्ली नावानंही नोंद होईल. काही अडत नाही. अडतंय ते फक्त या म्हाताऱ्याचं नाक!"

"मग त्याला घेऊन जा आणि नाव बदलून आण," मी म्हटलं.

नाव दुरुस्त करायला पुरावा लागत होता, आणि तोही लहानपणचा. दोन वेन्चोला आठवलं की आपला बाप्तिस्मा रॉब्सटाउनजवळच्या एका चर्चमध्ये झाला होता. आम्ही तिघं माझ्या गाडीतून निघालो. वाटेत बापलेकीत एक शब्द नाही. चर्चमधल्या बाईनं जुनी वही काढली, पानं उलटता उलटता म्हणाली, "फेब्रुवारीत... व्हियारेआल... हे बघा."

दोन वेन्चोनं टोपी काढली. त्याला शाई दिसत होती, अक्षरं नाही. "पोरी, तू वाच."

मोंचानं वाचलं: "वेन्सेस्लाओ व्हियारेआल तिहेरिना. टोमासा तिहेरिना हिचा मुलगा. वय अठरा दिवस."

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. म्हातारा मात्र खूश. "बघा, अठरा दिवसांचा असताना माझे कागद आत्तापेक्षा ठीक होते!"

परतीच्या वाटेत दोघं अखंड बोलत होती. सान आन्तोनियोचा रस्ता सोडून कुठून वळायला हवं होतं यावर भांडतसुद्धा होती.

दाखला दुरुस्त होऊन आला तो सप्टेंबरच्या मध्यावर. आणि मग सेर्तुचेबाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर नेला. "सेन्योरा, तुमच्या स्वतःच्या दाखल्यावर वडिलांचं नाव काय आहे?"

वेस्ली. मोंचानं कपाळाला हात लावला. आता बापाच्या मागोमाग लेकीचाही दाखला दुरुस्त करायचा. सप्टेंबर संपला, अर्जाची मुदत गेली. पुढची मुदत मार्चमध्ये.

दोन दिवस ती बापाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी फाटक उघडलं, तर दोन वेन्चो पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, पाण्याची नळी घेऊन बस धूत होता. खालचा अर्धा भाग चकचकीत, वरचा तसाच मळका. तिथवर त्याचा हात पोचत नव्हता. मोंचा बाहेर आली, बघत राहिली. मग शिडी घेऊन आली.

"उतरा आपा, वरचं मी करते. पडलात तर मेक्सिकन कोण होणार?"

"माझ्याशिवाय तू होत नाहीस, एवढं ध्यानात ठेव."

"ठेवलंय हो. तुम्ही विसरू देता का!"

जानेवारीत नोंद झाली. साक्षीदार मी आणि माझा नवरा. दोन वेन्चोनं लग्नातला कोट घातला होता. बटणं लागत नव्हती, पण छाती पुढं होती. सेर्तुचेबाईंनी पूर्ण नाव विचारलं. त्यानं इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. आधी त्याची सही, मग पंधरा मिनिटांनी मोंचाची.

बाहेर आल्यावर त्यानं कागद कोटाच्या आत घातला. "मी तुझ्यापेक्षा पंधरा मिनिटं जुना मेक्सिकन आहे. इथून पुढं जरा अदबीनं बोलायचं."

"जेवायला कुठं जायचं ते बोला," मोंचा म्हणाली.

मार्चमध्ये तिनं अर्ज दिला, जूनमध्ये परवाना हातात पडला. बस निळी रंगवली. आमच्या गल्लीतून ती निघाली तेव्हा माझ्या फाटकासमोरची जागा इतकी मोकळी वाटली की मी तिथं दोन कुंड्या आणून ठेवल्या.

पहिल्या फेरीला मीही गेले. ला इगेराच्या चौकात पोरं चढली, दोन बायका चढल्या, आणि शेवटी काठी टेकत एक म्हातारी. पायरीवर थांबून तिनं मोंचाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कुणाची ग तू?"

"टोमासा तिहेरिनाची नात."

"टोमासा? माझ्या आईची शिवणाची कात्री घेऊन उत्तरेला पळाली ती?"

सगळी बस मोंचाच्या तोंडाकडे बघायला लागली.

"तीच," मोंचा म्हणाली. "या, पुढं बसा आजी. आज तुमचं तिकीट नाही."

"आज?" म्हातारी बसता बसता म्हणाली. "चांगली पोलादी कात्री होती. वर्षभर तरी नाही."

मोंचानं गिअर टाकला आणि बस साबिनासच्या रस्त्याला लागली.