आक्काचे इंजेक्शन

सरकारी योजनेतून कर्करोगाचे कोणते उपचार मोफत द्यावेत, याची शिफारस करणाऱ्या समितीवर लातूरचा एक डॉक्टर म्हणून मी काही काळ होतो. तिथे एक नियम होता. चर्चेतल्या औषधाची सदस्याच्या घरात कुणाला गरज असेल, तर त्याने तसे सांगावे आणि बाहेर जावे.

एका बैठकीत दोन प्रस्ताव होते आणि निधी एकालाच पुरणार होता. एक होते स्तनाच्या कर्करोगावरचे नवे इंजेक्शन. थोड्या रुग्णांना काही महिने वाढवून देणारे. दुसरी होती नेहमीची केमो तालुक्याच्या गावी देण्याची सोय. ते इंजेक्शन माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, सुचवलेले होते आणि माझ्या ऐपतीत ते बसत नव्हते. मी तसे सांगितले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. शिपायाने चहा आणून दिला. खरे सांगायचे तर मला सुटल्यासारखे वाटले. आक्काच्या विरुद्ध किंवा इतर सगळ्यांच्या विरुद्ध हात वर करण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती.

निर्णय केमोच्या बाजूने झाला. तो योग्यच होता, असे मला आजही वाटते.

रविवारी आक्काकडे जळकोटला गेलो. केस गेलेल्या डोक्याला माझा जुना मफलर गुंडाळून आक्का ओसरीवर शेंगा फोडत बसली होती.

“झालं का तुमचं ठरवून, डाक्टरसाहेब?”

“झालं. इंजेक्शन नाही मिळणार, आक्का. पण केमो पुढच्या महिन्यापासून इथे जवळ, उदगीरलाच घेता येईल.”

तिने हातातली शेंग फोडून दाणे सुपात टाकले.

“बरं हाय. लातूरपस्तोर गाडीत ओकत जायचं तरी वाचंल. कंडक्टर तर मला बघूनच खिडकी उघडतंय.” मग तिने मान वर केली. “तू काय म्हणलास तिथं?”

“मी बाहेर होतो. सख्ख्या भावाला आत बसता येत नाही.”

“म्हंजे भाऊ डाक्टर असून माझं बोलाया तिथं कुणीच न्हाई?” ती हसली. मला हसता आले नाही. “आन् आत असतास तर?”

हे उत्तर मी बाकावर बसूनही शोधले नव्हते.

“तुझ्यासाठीच हात वर केला असता,” मी म्हणालो. “चुकलं असतं ते.”

“चुकलं असतं तर चुकू दी की.” तिने सोललेले दाणे माझ्या ओंजळीत ओतले. “खा. आन् पुढच्या महिन्यात माझ्यासंगं उदगीरला चल. तिथं तरी आत बसू देत्याल का तुला?”