आधी मले दाखव

माझ्या सासूबाईंची वाशीम जिल्ह्यातल्या रिठदला डाळमिल आहे. पत्र्याचं शेड, आत एक मशीन आणि बाहेर तूर वाळवायला सिमेंटचा ओटा, एवढाच पसारा. बचत गटाच्या बायका तिथं कामाला येतात आणि सासूबाई सगळ्यांवर नजर ठेवून असतात. मशीन चालू असताना इतरांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, पण सासूबाईंचं सगळ्यांना ऐकू येतं.

मी रिसोडला राहते. पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून सॉफ्टवेअरचं काम करायचे, ते सोडून आता स्वतःचं करते. माझ्या जोडीला कारंज्याची माझी मैत्रीण आहे. कॉलेजपासूनची. तिच्या अब्बांचं कापडाचं दुकान आहे. दुकानात बसायचं नाही म्हणून ती कॉम्प्युटरकडे वळली, आणि आमच्या दोघींत खरं डोकं चालतं ते तिचंच. मी स्क्रीन करते, म्हणजे माणसाला फोनवर जे दिसतं ते. तिच्याकडे त्यामागचं सगळं.

हे सगळं सुरू झालं सासूबाईंच्या रागापासून. डाळ विकायला त्यांनी फोनमध्ये एक ॲप घेतलं होतं. काही दिवसांनी त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांना दुसऱ्याच डाळवाल्यांचे फोन जायला लागले. अकोल्याच्या एका दुकानदारानं विचारलं, "काकू, तुम्ही माझा नंबर वाटत फिरता का?" सासूबाईंनी तो फोन ठेवला आणि लगेच मला लावला.

"हा फोन माह्या हातात असते. मंग याच्यातून माह्या गिऱ्हाइकायचे नंबर गेले कवा? मिलमधून पोतं निंगते तं मी दारात उभी राहून पायतो. हे काहून नाई दिसलं मले?"

मी समजावलं, ॲप टाकताना परवानगी मागतात, आपण 'हो' दाबतो, म्हणून जातं.

"हो म्हटलं तं म्हटलं. पण धाडाच्या आधी मले दाखवलं काय?"

ते वाक्य मी मैत्रिणीला सांगितलं. ती हसली नाही. दोन दिवसांनी तिचा फोन आला, "काकूंचं बरोबर आहे. दाखवता येईल. मध्ये थांबवावं लागेल."

त्यातून आमची मधली सेवा उभी राहिली. इंग्रजीत तिला प्रॉक्सी म्हणतात. फोनमधून ॲपकडे निघालेली माहिती सरळ ॲपच्या कंपनीकडे जात नाही, आधी आमच्याकडे येऊन थांबते. मग फोनवर साध्या मराठीत दिसतं, वाचता येत नसेल तर ऐकू येतं: हे ॲप तुमच्या फोनमधली नावं आणि नंबर मागतंय, देऊ का? तुम्ही पाहता, नको ते खोडता, आणि उरलेलंच पुढं जातं.

मिलमधल्या बायकांच्या फोनवर ते टाकून दिलं आणि पहिल्याच आठवड्यात पंचाईत झाली. बायकांचे हात डाळीत. फोन बाजूला पडलेला. उत्तर येत नाही म्हणून ॲप अडकून बसायचं, ऑर्डर निघून जायची. एकजण कंटाळून म्हणाली, सगळ्याला हो करून टाका बाई.

सासूबाई ताडकन म्हणाल्या, "मी बोलली नाई याचा अर्थ हो नाई. पण मी बोलली नाई म्हून माह्यं कामबी थांबलं नाई पाह्यजे."

दोन्ही गोष्टी एकदम कशा व्हायच्या, यावर माझी मैत्रीण महिनाभर डोकं लावत बसली. शेवटी तिनं एक युक्ती काढली. माणसाचं उत्तर येईपर्यंत खरी माहिती थांबवायची आणि ॲपला तसाच, तेवढाच, पण रिकामा साचा पाठवायचा. नावांच्या जागी कोरी नावं. ॲप चालत राहतं, खरं काहीच जात नाही. नंतर माणूस हो म्हणाला तर कोऱ्याच्या जागी खरं जातं. आणि एकदा दिलेलं उत्तर पुन्हा विचारायचं नाही, ॲपनं नवीन काही मागितलं तरच विचारायचं.

याचं पेटंट घ्यावं हे नागपूरच्या एका पेटंट एजंटांनी सुचवलं. वयस्कर, कमी बोलणारे. कच्च्या मसुद्यात मी हौसेनं लिहिलं होतं की ही सेवा बाजार समितीतल्या अडत्यासारखी आहे, माल आणि व्यापारी यांच्या मध्ये उभी. त्यांनी ते वाक्य काट मारून काढलं.

"अडत्या म्हणालात की धंद्याची पद्धत झाली. धंद्याच्या पद्धतीला पेटंट नसतं. मशीन काय करतं ते सांगा."

मग त्यांनी विचारलं, यात डोकं कुणाकुणाचं? आम्ही दोघींनी एकाच वेळी सासूबाईंचं नाव घेतलं. अर्जावर संशोधक म्हणून आम्हा तिघींची नावं लागली. सासूबाईंनी मात्र संमतीची सही दिली नाही. "सगळं इंग्रजीत हाये. आधी समजावून सांगा, मंग सही." एजंट म्हणाले, नंतर पाठवा. मग तुरीचा हंगाम आला, मिल दिवसभर चालायला लागली आणि सही राहिलीच.

पुढं बराच काळ काहीच झालं नाही. अर्ज प्रसिद्ध झाला, आम्ही परीक्षणाची मागणी केली, आणि एका सकाळी पेटंट कार्यालयाचा परीक्षण अहवाल ईमेलनं आला.

त्यात तीन मुख्य हरकती होत्या. पहिली, हे नवीन नाही; परदेशातल्या एका जुन्या पेटंटमध्ये हेच आहे. दुसरी, हा नुसता संगणक प्रोग्राम आहे, आणि नुसत्या प्रोग्रामला कायद्यानं पेटंट मिळत नाही. तिसरी, तिसऱ्या संशोधकाची संमती जोडलेली नाही.

मैत्रीण त्याच दिवशी एसटीनं रिसोडला आली. ते परदेशी पेटंट तिनं बसमध्येच फोनवर वाचून काढलं होतं. घरात आली ती चप्पलही न काढता खुर्चीत बसली.

"यार, हे आपलंच आहे. मध्ये प्रॉक्सी, माणसाला दाखवणं, त्याला खोडू देणं, मग पुढं पाठवणं. आपण शाळेत होतो तेव्हा कुणीतरी लिहून ठेवलंय."

मी पण वाचलं. तिचं खरं होतं. चहा केला, तो दोघींनी तसाच ठेवला. ज्या गोष्टीसाठी चांगली नोकरी सोडली ती आधीच कुणाच्या तरी नावावर होती. रागही कुणावर धरायचा?

एजंट फोनवर शांत होते. "अहवाल म्हणजे निकाल नाही. उत्तराला मुदत आहे. आधी सोपं काम करा, सही आणा."

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सगळे कागद घेऊन जीपनं रिठदला गेलो. मिल बंद होती, मशीनचा पट्टा बदलायचं काम चाललं होतं. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी घाबरत सांगितलं की आपल्यासारखंच कुणीतरी आधी केलंय.

त्यांनी माझ्या हातातले कागद पाहिले. मग म्हणाल्या, "म्हंजे त्या मानसाचेबी नंबर असेच गेले असतीन नं. बरं वाटलं बाप्पा. मले वाटे, आपल्यालेच समजत नाई." आणि सरळ मांडी घालून बसल्या. "वाचा. त्याचंबी वाचा, आपलंबी वाचा."

मैत्रीण वाचायला लागली. इंग्रजी वाक्य मनात वाचायचं आणि काकूंना समजेल असं सांगायचं. पेटंटची भाषा फार लांबलचक असते, 'सदर', 'उक्त' अशा थाटाच्या इंग्रजी शब्दांनी भरलेली. ती एकेक वाक्य सोडवत गेली. चौथ्या की पाचव्या पानावर तिनं म्हटलं, "मग काकू, तुम्ही ठरलेल्या वेळात उत्तर नाही दिलं, तर ते आपल्या मनानं सगळं पाठवून देतं."

"काहून?" सासूबाईंनी विचारलं.

मैत्रिणीनं बोट ठेवून ते वाक्य पुन्हा वाचलं. माझ्याकडे पाहिलं. हेच वाक्य तिनं बसमध्ये वाचलं होतं, मी टेबलावर वाचलं होतं. इंग्रजीत ते इतकं नेहमीचं वाटत होतं की दोघींची नजर त्यावरून घसरून गेली होती. त्या पेटंटमध्ये माणूस गप्प बसला की त्याचा होकार धरला होता. आमच्या कामाची सगळी मेहनत नेमकी त्याच्या उलट टोकाला झाली होती.

"रिकामा साचा कुठं आहे यात?" मी विचारलं.

तिनं भराभर पानं उलटली. आकृत्या पाहिल्या. दावे पाहिले, म्हणजे शेवटची कलमं, ज्यांत संशोधक आपला नेमका हक्क कशावर आहे ते सांगतो. "नाहीये," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "कुठंच नाहीये!" पट्टा बदलणारा माणूस वळून पाहायला लागला.

त्यानंतर आमचा स्वतःचा अर्ज वाचला. सासूबाईंनी तो शेवटपर्यंत ऐकला, पण एका जागी हात वर केला. मी लिहिलं होतं की ही सेवा 'अशिक्षित वापरकर्त्यालाही' उपयोगी पडते.

"हे कोन अशिक्षित?"

"तसं नाही आई, सगळ्यांसाठी म्हणून..."

"मी नववी शिकली. या बायाबी शिकल्या हायेत. आमाले वाचता येते. आमाले टाइम नसते. थे लिव्ह."

एजंटांना फोन लावला. ते थोडं कुरकुरले, मूळ मजकुरात असे बदल जपून करावे लागतात म्हणाले. मग वाक्य पुन्हा ऐकून स्वतःच म्हणाले, "'कामात गुंतलेला वापरकर्ता' करू. तेच जास्त बरोबर आहे. हात रिकामे नाहीत, हाच तर तुमचा प्रश्न होता." तेव्हा सासूबाईंनी सही केली. पत्ता मात्र मिलचा घालायला लावला. पेटंट मिळून पुन्हा प्रसिद्ध होणारच असेल तर गिऱ्हाईक तरी येईल, असं त्यांचं म्हणणं.

उत्तर लिहिताना सगळ्यात जड गेलं ते पहिला, सगळ्यात मोठा दावा सोडणं. 'माणसाला दाखवून मग पुढं पाठवणं' यावर आमचा हक्क उरला नव्हता. मैत्रीण दोन दिवस ते वाक्य काढायला तयार नव्हती. एजंट म्हणाले, "ते आता जगाचं आहे. जे तुमचं आहे ते घट्ट धरा." मग तिनंच ते काढलं.

पुढं सुनावणी लागली, व्हिडिओवर. आमच्या रिसोडच्या घरात लॅपटॉपसमोर आम्ही तिघी एका ओळीत बसलो. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. एजंट नागपूरहून जोडले गेले. समोर निर्णय देणाऱ्या अधिकारी बाई होत्या. आवाज थंड, पण प्रश्न नेमके.

"हा नुसता प्रोग्राम का नाही?" त्यांनी विचारलं.

मैत्रिणीनं सांगितलं की यानं फोनचं वागणं बदलतं, उत्तर यायला वेळ लागला तरी ॲप अडकत नाही, आणि खरी माहिती उत्तराशिवाय ॲपच्या कंपनीपर्यंत पोचूच शकत नाही. तिचा हात टेबलाखाली माझ्या हातात होता. आवाजात मात्र काहीच कळत नव्हतं.

"तुम्ही ॲपला रिकामा साचा देता. ही त्याची फसवणूक नाही का?"

हा प्रश्न आम्ही धरलाच नव्हता. मी बोलायला लागले आणि बोलता बोलता मला शब्द सापडत गेले. साच्यासोबत 'उत्तर यायचं आहे' अशी खूण जाते. ॲपनं ती वाचली तर ते वाट पाहू शकतं. नाही वाचली तरी बंद पडत नाही. आम्ही खोटं भरत नाही, जागा कोरी ठेवतो.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग इतका वेळ चाललेलं इंग्रजी सोडून त्यांनी मराठीत विचारलं, "तिसऱ्या संशोधक हजर आहेत का?"

"हाव, मी हाये इथं," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही स्वतः हे वापरता? उत्तर द्यायचं राहिलं तर काय होतं?"

"काई होत नाई मॅडम. माह्यं काम चालू राह्यते. माह्यं सामान माह्यापाशी राह्यते. हात धुतले की पायतो, मंग सांगतो."

बाई किंचित हसल्या असं मला वाटलं, मैत्रीण म्हणते नाही हसल्या. त्यांनी एजंटांना सांगितलं की हा परिणाम लेखी उत्तरात स्पष्ट मांडा, आणि दावे त्यापुरतेच ठेवा.

तसं केलं. मग पुन्हा वाट पाहणं आलं. एक दिवस मी बाजारातून येत होते तेव्हा मैत्रिणीचा फोन आला. तिला बोलता येत नव्हतं. मागून तिच्या अब्बांचा आवाज ऐकू आला, "अरे बोल ना, मिल गया बोल!" पेटंट मंजूर झालं होतं. जेवढं मागायला निघालो होतो त्याहून खूप लहान, पण आमचं.

आता कारंज्याच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीनं ही सेवा घेतली आहे, आणि आम्ही ठिकठिकाणच्या बचत गटांना ती दाखवत फिरतो. परवा वाशीमला असाच कार्यक्रम होता. मैत्रीण बोलत होती, सासूबाई पहिल्या रांगेत बसून मान हलवत होत्या. शेवटी मागून एक तरुण बाई उठली. तिनं विचारलं, "आमच्या घरी फोन एकच हाये. मी, माहे मालक, सासू, पोरगी, सगळे तोच वापरतो. मंग नंबर माहे, अन हो म्हनते दुसरंच कोनी. तवा तुमची सेवा कोनाले इचारन?"

मैत्रीण म्हणाली, "ताई, हे आम्हाला सुचलंच नव्हतं. तुमचं गाव कोणतं? आम्ही येतो तुमच्याकडे."

परतीच्या जीपमध्ये त्यावरून आमच्या तिघींचं भांडणच लागलं. सासूबाई म्हणत होत्या, आवाजावरून ओळखता येईल. मैत्रीण म्हणत होती, आवाज म्हणजे आणखी एक माहिती, तीच आधी जपावी लागेल. रिसोड आलं तरी कुणी उतरेना. शेवटी ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.