ना-हरकतीचा कागद

घरात दोन सुना, त्यातली लहान म्हणून ती धाकटी. केस पिकले, तिला स्वतःला जावई आला, तरी गल्लीत सगळे तिला धाकटीच म्हणत. तिची मोठी जाऊ ती थोरली. जावा-जावांचं पटत नाही असा जगाचा समज. तो या दोघींनी सव्वीस वर्षं खोटा पाडला आणि सत्ताविसाव्या वर्षी धाकटीनं एका कागदावर खरा करून दाखवला. निदान तिला तरी तसं वाटतं.

दोघींचे नवरे एकाच कारखान्यात होते. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा दोघे भाऊ हातावर हात ठेवून बसले. थोरलीनं घरातली इस्त्री काढली, शेजारच्या चार घरांतले कपडे मागून आणले आणि धाकटीला म्हणाली, "तू पाणी मार, मी दाब देते." वर्षभरात कोपऱ्यावरचा गाळा भाड्यानं घेतला. पाटी रंगवणारा आला तेव्हा सासऱ्यांनी स्वतःचं नाव सुचवलं, नवऱ्यांनी मुलांची सुचवली. थोरली म्हणाली, "राबतोय कोण? आम्ही दोघी. मग 'दोघी लाँड्री' लिहा." रंगारी हसला, पण त्यानं तेच लिहिलं.

धुणं आणि डाग धाकटीकडे, इस्त्री आणि गिऱ्हाईक थोरलीकडे. गंज असो की शाई, धाकटीच्या हाताखालून डाग गेला नाही असं क्वचितच घडे. कॉलर कुठे झिजलीय ते बघून थोरली शर्ट कुणाचा ते सांगे. भांडणंही झाली. एकदा खळ किती घट्ट करायची यावरून अकरा दिवस अबोला होता. त्या दिवसांत गिऱ्हाइकांमार्फत निरोप जायचे: "तिला सांगा, चादरी वाळल्यात." काम मात्र एक दिवस अडलं नाही.

मग थोरलीचा नवरा गेला आणि तिची बोटं सुजायला लागली. डॉक्टरांनी गरम इस्त्री बंद करायला सांगितलं. बसनं आठ तासांवर राहणारी लेक तिला घेऊन गेली. "दोन महिन्यांत येते, माझं टेबल कुणाला देऊ नकोस," असं सांगून थोरली गेली. दोन महिन्यांची दोन वर्षं झाली.

धाकटीनं इस्त्रीला एक बाई ठेवली आणि गाडा ओढत राहिली. नवीन गिऱ्हाईक पाटी वाचून हटकून विचारायचं, दुसरी कुठाय? सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला. त्यातच स्टेशनाजवळच्या लॉजचा मॅनेजर चादरींचं रोजचं काम घेऊन आला. काम द्यायला तयार होता, पण 'दोघी' हे फार घरगुती वाटतं, मालकांना पटायचं नाही, म्हणाला. एवढंच असतं तर धाकटीनं त्याला वाटेला लावलं असतं. पण आतून तिलाही काहीतरी हवं होतं. जन्मभर ती कुणाची तरी धाकटी होती. एक गोष्ट आपल्या एकटीची असावी, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

दुकानाचं नाव बदलायचं ठरवून ती कागदपत्रं करून देणाऱ्या सल्लागाराकडे गेली. त्यानं बोटांवर मोजून दाखवलं: आधी भागीदाराची ना-हरकत, मग नवं करारपत्र, वर्तमानपत्रात नोटीस, त्यानंतर परवाना, बँक, वीजबिल, पावतीपुस्तकं आणि सगळ्यात शेवटी पाटी. मग चष्मा पुसत म्हणाला, "त्या येणार नसतील तर याच कागदात त्यांना भागीदारीतून मोकळं करू. एका दगडात दोन पक्षी." धाकटी हो म्हणाली. थोरलीचा वाटा दरमहा पाठवायचाच, असं तिनं स्वतःला बजावलं. ते तिनं पाळलंही, पण त्यानं मन काही निवलं नाही.

स्वतः जायला हवं होतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण कामाची गर्दी होती, आणि खरं सांगायचं तर समोरासमोर तोंड उघडायची हिंमत नव्हती. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीनं तीन फुल्या मारून तिनं कागद कुरियरनं धाडला. पुतणीला फोन केला, "आईला सांग, नुसता सोपस्कार आहे." पुतणी म्हणाली, "काकू, तुम्हीच बोला ना तिच्याशी." इस्त्री चालू आहे, मागून करते, असं सांगून धाकटीनं फोन ठेवला. मागून तो केला नाहीच.

चौथ्या दिवशी पाकीट परत आलं. तीन ठिकाणी तीन सह्या. पेन्सिलीच्या फुल्या थोरलीनं खोडरबरानं स्वच्छ पुसल्या होत्या. कागदावर खूण राहिलेली तिला कधीच खपत नसे. धाकटीनं पाकीट उलटं करून झटकलं, आत बोट घालून पाहिलं. चिठ्ठी नव्हती.

नोटीस छापून आली. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी, असं तिच्यात होतं. ते पंधरा दिवस फोन वाजला की धाकटी आधी नंबर बघे. कुणी हरकत घेतली नाही. 'शुभ्रा ड्रायक्लीनर्स'ची चकचकीत पाटी लागली. लॉजचं काम आलं, आठ महिने टिकलं आणि मालकांनी स्वतःची मशीन घेतल्यावर गेलं.

त्यानंतर धाकटी बसमध्ये बसली. पुतणीनं दार उघडलं आणि आई अंघोळीला गेली आहे तेवढ्यात हळूच सांगून टाकलं: हात बरे झाले होते, नातवाची परीक्षा आटोपली की आई परत जाणार होती. अर्धी बॅग भरून झाली होती तेव्हाच पाकीट आलं. तिनं सही केली आणि बॅग रिकामी करून कपडे कपाटात लावले.

थोरली बाहेर आली. तिनं धाकटीला जवळ बसवलं, बाईचं काम कसं आहे, बॉयलर गळतोय का, सगळं विचारलं. शेवटी धाकटीलाच राहवलं नाही.

"ताई, नको म्हणाला असतात तर मी काही केलं नसतं."

"तू विचारलंस कुठे?" थोरली म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. "सही मागितलीस. मी सही दिली."

धाकटी रडली. परत चला, नाव पुन्हा फिरवून घेऊ, कागदाला काय, आज हा उद्या तो, असं बरंच बोलली. थोरलीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता नको गं. नातवंडांची सवय झालीय मला." ते खरंही असेल. तरी परतल्यावर धाकटी सल्लागाराकडे गेलीच. नाव फिरवता येईल, म्हणाला, पण त्यांना पुन्हा भागीदार करायचं तर त्यांची सही लागेल. ती सही मागायला धाकटीचा हात पुढे झाला नाही.

दर रविवारी ती फोन करते. थोरली मनापासून बोलते, जुन्या गिऱ्हाइकांची चौकशी करते, हसतेसुद्धा. पूर्वी ती 'आपलं दुकान' म्हणायची, आता 'तुझं दुकान' म्हणते. प्रत्येक वेळी धाकटीला तो शब्द दुरुस्त करावासा वाटतो. पण कागदोपत्री थोरलीचंच बरोबर आहे.