अंगठीखालचा दोरा

ती अंगठी आजही डोळ्यांपुढं येते. भूकंपाला काही वर्षं झाली होती, लातुरात क्लासच्या पोरापोरींची गर्दी वाढत होती. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पोलिसात शिपाई म्हणून लागलो, फौजदार म्हणून निवृत्त झालो, तेही वशिल्यावर नाही.

औशाकडचा एक गृहस्थ पोराला घेऊन ठाण्यात आला. पोराशी लग्न ठरलेल्या मुलीला पुढं शिकायचं होतं, म्हणून या बापानं सोयरीक मोडलेली. साखरपुड्याची साडी परत आली, अंगठी आली नाही. "चोरीचा गुन्हा नोंदवा," म्हणून अडून बसला. मी नुसता अर्ज घेतला. मुलीच्या बापाला विचारलं, तर "अंगठी हरवली, आसं पोरगी म्हणती."

मग मुलीच्या गल्लीतल्या बांगडीवाल्या चाचानं खबर दिली. "साब, अंगठी बोटातच हाय. बांगड्या भरताना पोरीनं मूठ आवळली."

दोन्ही घरं समोर बसवली. मुलीशेजारी महिला शिपाई.

"हरवली म्हणलीस ना?"

"भ्याले, साहेब. बोटात रुतली, निघत न्हाई."

"मग कापा! सोनार आणतो," पोराचा बाप उठलाच.

मी तिला हात टेबलावर ठेवायला लावला. अंगठीला तळहाताच्या बाजूनं पांढरा दोरा गुंडाळलेला. ढिली अंगठी गळून पडू नये म्हणून बायका गुंडाळतात, तसा.

"रुतलेल्या अंगठीला दोरा कशाला लागतो गं?"

तिच्या आधी पोरगाच बोलला, "मीच म्हणलं होतं, बाबाकडं देऊ नको."

त्याची आई भूकंपात गेली. ढिगाऱ्यात सापडलेली तिची कानातली फुलं मोडून ही अंगठी घडवलेली. आईचं म्हणून एवढंच उरलेलं. बाप आता अंगठी आटवून नव्या सोयरिकीला वेगळी करणार होता.

"याच्याच हातात द्यायची होती," मुलगी म्हणाली. "पण गाठच पडू देईनात."

"सोनं माझं हाय!" बाप ओरडला.

"आन कान कुणाचे होते?" मी विचारलं.

तो खाली बसला. पोराकडं बघून म्हणाला, "द्या त्यालाच." अर्ज मागं घेतला. अंगठी मिळाल्याची पोच मी पोराच्या नावानं केली.

सोयरीक मोडल्यावर अंगठी कुणाची, हे लोक मला अजून विचारतात. मी म्हणतो, ती कुणी कुणासाठी धरून ठेवली, ते आधी बघा. खोटं बोलणारा दर वेळी चोरच असतो असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तिनं अंगठी काढली, दोरा उलगडला, अंगठी पोराच्या तळहातावर ठेवली.

"दोरा राहू दे की," तो म्हणाला.

"दोरा माझा हाय."

ओढणीच्या टोकाला तो बांधून ती क्लासला गेली.