बाजूचा म्हातारा

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे परभणीच्या थेटरात भुईमुगाच्या शेंगा लपवून नेल्या. दारावरचा माणूस पिशव्या तपासत होता. तिनं शेंगांची पुरचुंडी पदराखाली कमरेला खोचली आणि त्याच्या समोरून सरळ निघून गेली. माझ्या हातात नुसती पाण्याची बाटली होती, ती मात्र त्यानं काढून घेतली. आत गेल्यावर ती हसायला लागली.

“तुमच्या तोंडावरच चोरी दिसती,” म्हणली. “माझ्याकडं वळून तरी बघितलं का त्यानं?”

पिक्चर गाड्यांच्या शर्यतीचा होता. मूळचा इंग्रजी, पण माणसं हिंदीत बोलत होती. फोनवर गाड्या पळवायचा एक खेळ आहे, त्याच्यावरून काढलेला. मला त्यातलं काही कळत नव्हतं. आमच्या घरात ते तिलाच कळायचं.

आमची सगळी जिंदगी मेंढरांमागं गेली. गुडघे गेले तशी मेंढरं विकली, चार शेळ्या राहिल्या. तेव्हा परभणीच्या लेकीनं आईला फोन दिला आणि नातीनं सुट्टीत येऊन त्यात तो खेळ घातला. दुपारी शेळ्या बाभळीखाली बसल्या की ही बाजेवर बसायची, फोन दोन्ही हातांत आडवा धरून. गाडी डावीकडं गेली की हीसुद्धा डावीकडं कलायची. एकदा कलता कलता बाजेवरून खाली आली. तरी फोन सोडला नाही.

मी म्हणायचो, “ह्या वयात काय पोरखेळ लावलाय?”

ती म्हणायची, “तुमी तंबाखू मळा.”

नात सांगायची की तिच्या कॉलेजातली पोरं जिथं पोचली नाहीत तिथं आजी पोचली. त्याचं कारण मला माहीत होतं. रस्त्यानं कळप नेताना समोरून ट्रक आला, तर पुढच्या मेंढ्याची मान आधीच वळवावी लागते. ट्रक जवळ आल्यावर ओढाओढ केली की कळप फुटतो. हे काम कायम तिचं. मी मागं असायचो. ती म्हणायची, “गाडीचंबी तसंच हाय. वळणात धरून उपेग न्हाई. वळणाच्या आधी मान धरायची.”

तर त्या खेळाचा पिक्चर आला आणि हिनं हट्ट धरला. लेकीनं फोनवरूनच तिकिटं काढून दिली. खुर्च्या ओळीच्या बरोबर मधल्या. दोन्हीकडं दहा-दहा पोरं, सगळी त्या खेळाची येडी. एकदा बसलं की उठायची सोय नाही. पुढं गुडघे अडतात, मागच्याचे पाय पाठीला लागतात. माझा जन्म उघड्यावर गेलाय. भिंत असली की मी आधी दार बघतो. तिथं अंधार झाला तसा दारावरचा लाल दिवा शोधला आणि त्याच्यावर नजर ठेवून बसलो. घशाला कोरड पडली होती आणि बाटली तर भाइर.

पडद्यावर गाडी आली आणि पोरांनी एकच गिल्ला केला. “पिवळी कुठंय? पिवळी पाहिजे!” खेळातली गाडी पिवळी आहे म्हणे, पिक्चरवाल्यांनी लाल केली होती. एकजण तर पडद्याला शिव्या द्यायला लागला. हीसुद्धा म्हणली, “आपली तर पिवळी हाय.”

पुढच्या ओळीतल्या एका पोरीनं मागं वळून बघितलं. “आजी, तुम्ही खेळता?”

“खेळती की. लय दिवस तिसऱ्या रस्त्यावर अडकले होते. आता चौथ्यावर हाय.”

पोरीचे डोळे एवढे मोठे झाले. तिनं फोन काढून आमच्याकडं वळवला. मला वाटलं उजेड पाडायलीय.

मग घाटाचा रस्ता आला. हिला तो पाठ होता. गाडी वळणाला यायच्या आधीच ही खुर्चीतून अर्धी उठली. “पुढं वळण हाय, खाली रेती हाय! आधी मान वळव रं! आधी मान वळव, मुडद्या!”

त्यानं वळवली नाही. गाडी गेली रेतीत.

“म्हणलं न्हवतं? बस आता खडे मोजत!”

सगळं थेटर फुटलं. शिट्ट्या, टाळ्या. मागची पोरं वाकून वाकून बघायला लागली. एवढी तोंडं आमच्याकडं वळलेली मी कधी बघितली नव्हती. मला बसल्या जागी कोंडल्यासारखं झालं. मी तिचं लुगडं खाली ओढलं आणि म्हणलं, “गप बस. लोक हसायलेत.”

ती बसली. पदर तोंडाला लावला. पिक्चर संपेपर्यंत तिचा आवाज आला नाही.

भाइर जिन्यावर पोरांची भांडणं लागली होती. एक म्हणत होता, खेळाची माती केली. दुसरा म्हणत होता, मी उद्या परत येणार. गाडीच्या रंगावरून माणसं एकमेकाच्या अंगावर जातात, हे मी पहिल्यांदा बघितलं. त्या पोरीनं हिला गाव विचारलं. हिनं पालमच्या पुढचं आमचं गाव सांगितलं, वर म्हणली, “ये कवा तरी, धपाटे करून घालते.” त्या पोरीशी बोलली. माझ्याशी नाही.

एसटीत तिला खिडकी मिळाली. गंगाखेड येईपर्यंत एक शब्द नाही. गंगाखेडला म्हणली, “सरका जरा.” तेवढंच.

पुढचे दोन दिवस घरात बोलणं झालं, पण मिठाचं आणि शेळ्यांचं. फोन फळीवर पडून राहिला. तिनं घेतला नाही. मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती शेळ्यांना पाला टाकायला गेली आणि गोठ्याच्या मेढीला, खांबाला टेकून खाली बसली. मी ओसरीवरून म्हणलं, “अगं ऊठ की, शेळ्या वरडायल्यात.” मला वाटलं दम खायलीय. जवळ गेलो तेव्हा पाला तिच्या हातातच होता आणि शेळी तो ओढून खात होती. डॉक्टर म्हणला, हृदय बंद पडलं.

आम्हाला पोरगा नाही. अग्नी मीच दिला.

अग्नी देणाऱ्याला आमच्यात दहा दिवस एका जागी बसावं लागतं. कोपऱ्यात घोंगडं टाकतात, त्याच्यावरच बसायचं, त्याच्यावरच निजायचं. गावाभाइर जायचं नाही. त्याला कुणी शिवायचं नाही. भेटायला आलेली माणसं हातभर लांब बसतात. हे सगळं मला माहीत होतं. दुसऱ्याच्या घरी मीच लांब बसून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या फोनवर आलं ते. त्या पोरीनं थेटरातलं सगळ्यांना बघायला टाकलं होतं. ही उठली, “आधी मान वळव, मुडद्या,” रेती, खडे, टाळ्या. शेवटी माझा आवाज, “गप बस. लोक हसायलेत.” तिथं ते संपत होतं. मग परत पहिल्यापासून.

लेक रडली आणि हसली. मग गावात कळलं. त्यानंतर जो भेटायला येईल त्याच्या फोनवर तेच. माणसं चांगल्या मनानं दाखवायची. “दादा, बघा, कशी वाघिणीवानी बोलायलीय.” मला शिवता येत नाही म्हणून फोन लांबूनच हात ताणून माझ्या तोंडासमोर धरायचे. मला हात लावता येत नव्हता, म्हणून बंदही करता येत नव्हता. उठून जावं तर घोंगड्यावरून उठायचं नाही. मान वळवून भिंतीकडं बघितलं तरी कानाला कुठं भिंत असती? दिवसातून वीस वेळा मी तिला म्हणत होतो, गप बस. ती वीस वेळा गप बसत होती.

सगळे तिचंच ऐकायचे. माझं कुणी ऐकलंय असं वाटायचं नाही. पण खाली अनोळखी माणसांनी लिहिलेलं लेक वाचून दाखवायची, त्यांनी ऐकलं होतं.

“आजी लय भारी.”

“पिक्चर फुकट गेला, आजीनं तिकीट वसूल केलं.”

“गाडी लाल करणाऱ्यांना आजीकडं शिकायला पाठवा.”

लेक तिथं थांबायची. मी म्हणायचो, “वाच की पुढं.”

“काही न्हाई दादा.”

“वाच.”

“बाजूचा म्हातारा कोण आहे? त्याला दार उघडून बाहेर काढा,” लेकीनं खाली बघत वाचलं. “प्रत्येक घरात असा एक म्हातारा असतोच.”

बरोबर लिहिलं होतं. मला त्यांचा राग आला नाही. मला एकच पाहिजे होतं. माझ्या त्या शब्दानं ती खरंच गप झाली होती का, आणि तशीच गप गेली का. हे सांगणारं कुणी नव्हतं. तिचं ती सांगू शकली असती.

नवव्या दिवशी ती पोरगी आली. भावाच्या मोटारसायकलवर परभणीहून. भाऊ भाइर लिंबाखाली थांबला. पोरीनं दारातच चपला काढल्या आणि रडायला लागली. “बाबा, आजी गेल्यात हे मला माहीत नव्हतं हो. खाली कुणीतरी लिहिलं तेव्हा कळलं. काढून टाकू का ते?”

लेक म्हणली, “काढ बाई. दादांना लय तरास व्हायलाय.”

मी म्हणलं, “थांब. माय, एक सांग. ह्याच्या पुढचं तुझ्याकडं हाय का?”

“आहे. पण त्यात काहीच नाही, म्हणून तोडलं. आजी गप्पच बसल्यात.”

“दाव.”

तिला आमचे नेम कुठले माहीत? सरळ पुढं आली आणि फोन माझ्या हातात दिला. समोरच्या कोपऱ्यातून माझी बहीण वरडली, “अगं अगं, शिवलीस की त्याला!” पोरगी दचकून मागं सरली. फोन माझ्याच हातात राहिला. नऊ दिवसांत पहिल्यांदा कुणी माझ्या हातात काही दिलं होतं.

बघितलं. मी म्हणतो, गप बस. ती बसते, पदर तोंडाला लावते. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर लाल-निळा होतो. मग ती पदर दातांत धरते आणि कमरेची शेंगांची पुरचुंडी काढते. मला वाटलं खाईल. तिनं ती दोन्ही हातांत आडवी धरली, फोन धरायची तशी. आणि वळवायला लागली. डावीकडं पुरचुंडी, डावीकडं ती. उजवीकडं पुरचुंडी, उजवीकडं ती. माझ्या खांद्याला तिचा खांदा लागत होता. मला त्या वेळी वाटलं होतं, जागा अपुरी आहे म्हणून लागतोय.

तोंड गप होतं. हात गाडी चालवत होते.

तिथंच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण पुढं एकदा तिनं हात थांबवले आणि माझ्याकडं बघितलं. लय वेळ बघितलं. काहीतरी दाखवायचं असल्यासारखं. आणि मी दाराच्या लाल दिव्याकडं बघत होतो. मग तिनं परत समोर बघितलं आणि पुरचुंडी वळवायला घेतली.

पोरीनं लांबूनच सांगितलं तसं मी ते परत लावलं. मग परत. तिन्ही वेळा मी दाराकडंच बघत होतो. चौथ्यांदा लावलं असतं तरी तेच.

पोरगी हळूच म्हणली, “बाबा, काढून टाकते मी.”

“न्हाई. हेबी टाक. आख्खं टाक.”

“दादा,” लेक म्हणली, “लोक आणखी बोलतील तुमाला.”

“बोलू दे. त्यांनी तिचे हातबी बघावेत.”

पोरीनं मान हलवली. जाताना तिला धपाटे बांधून द्यायचे होते, पण सुतकाच्या घरचं कसं देणार? लेकीनं सांगितलं, “तेरावं झाल्यावर ये.” ती हो म्हणली.

दुसऱ्या दिवशी दहावा. आधी डोक्याचे केस काढायचे, मग गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर जायचं. अंगणात माणसं जमायला लागली होती. मी लेकीला म्हणलं, “फळीवरचा तुझ्या आईचा फोन दे.”

“आता, दादा? न्हावी यायलाय.”

“दे म्हणलं ना.”

तो बंद पडला होता. तिनं वायर लावून चालू करून खाली घोंगड्यावर ठेवला. बहीण म्हणली, “सुतकात हे काय बाई नवीन?” मी दोन्ही हातांत आडवा धरला. पिवळ्या गाडीच्या चित्रावर बोट लावलं. गाडी निघाली आणि लगेच भिंतीला जाऊन चिकटली. मागं कशी घ्यायची ते मला येत नव्हतं. तिथंच चाकं फिरत राहिली. लेक खाली वाकली, एक बोट लावून तिनं गाडी रस्त्यावर आणून दिली.

न्हावी दारात आला. “काका, चला, बसा. ऊन व्हायलंय, लोक खोळंबलेत.”

मी म्हणलं, “थांब जरा. वळण यायलंय.”

त्यानं लेकीकडं बघितलं, मग पायरीवर बसून पेटी उघडायला लागला. वळण दिसलं तसं मी आधीच कललो. पण हात उशिरा वळले आणि गाडी रेतीत गेली. माझ्या तोंडून मोठ्यानं शिवी गेली. अंगणातली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली.

मी गाडी पहिल्यापासून लावली.