साल राहिलेल्या फळ्या

वखारीत तिला सगळे मास्तरीण म्हणत, कारण तिच्या हातात दिवसभर खडू असायचा. स्वतः ती चौथीपुढं शिकली नव्हती, पण फळ्यांना पास-नापास करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

इतर वखारी मांडीएवढे ओंडके सरळ जळणात काढत. इथं त्यांच्यासाठी खास मशीन होतं. शेजारी-शेजारी दोन पाती, मधून साखळीवर ओंडका सरकायचा आणि एकाच फेरीत दोन्ही बाजूंची साल उतरून फळी बाहेर पडायची. ओंडका मधोमध दाबून बसवायचं काम तिच्या नवऱ्याचं. फळी तपासून थप्पीला लावायचं काम तिचं. मध्ये इतका आवाज, की एकोणीस वर्षांत कामावर दोघं एक शब्द बोलले नव्हते. ‘म्हणूनच संसार टिकला,’ असं लोक चेष्टेनं म्हणत. तो घाईत असला की फळीवर लाटा उमटायच्या, खुशीत असला की फळी गुळगुळीत यायची. नवऱ्याचा मूड तिला आधी लाकडावर कळायचा.

दीड महिन्यापासून मात्र फळीच्या एका टोकाला साल राहून येत होती. ओंडका तिरका बसत होता, म्हणजे त्याच्या डाव्या हातात जोर उरला नव्हता. घरी त्याच हातातून कप निसटला, तेव्हा त्यानं खापर कपाच्या कानावर फोडलं होतं.

मास्तरणीनं आयुष्यात पहिल्यांदा कॉपी खपवून घेतली. साल राहिलेल्या फळ्या ती थप्पीच्या तळाशी सारू लागली. मालकिणीला कळलं तर त्याला मशीनवरून उठवतील, आणि मग त्याचा चेहरा कसा होईल, ते तिला बघायचं नव्हतं.

एका सकाळी फळीबरोबर हातमोज्याचं बोट आलं. नुसतं कापडाचं, रिकामं. तरी ती बटणाकडे धावली. तिनं मशीन बंद केलं, तळातल्या तीन फळ्या उपसल्या आणि वळसा घालून त्याच्यापुढं टाकल्या.

“नापास,” ती म्हणाली. “हात दाखवा.”

हात शाबूत होता, पण दोन बोटांना काही जाणवत नव्हतं.

“मला वाटलं, तुला कळलं नाही.”

“मीच लपवत होते. जागा जाईल म्हणून. जाऊ दे ती जागा, हात राहू दे!” तिला रडू फुटलं. “अहो, पण सांगायचं तरी?”

तो खाली बघत राहिला. “मी उठलो की इथं दुसरा कुणी बसेल. दिवसभर तू त्याच्या फळ्या हातात घेशील. ते मला सोसलं नसतं.”

पन्नाशीची बाई, पण कानापर्यंत लाल झाली.

मशीन का थांबलं म्हणून मालकीण धावत आली. तो रजेवर असला की मास्तरीणच ओंडके बसवायची, हे तिला ठाऊक होतं.

“यांना आधी दवाखान्यात नेते,” मास्तरीण डोळे पुसत म्हणाली. “उद्यापासून इथं मी बसेन. आणि माझ्या फळ्या हेच घेतील. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.”