दुसरा साक्षीदार

त्या सकाळी रंजितानं चहा घेतलाच नाही. कप हातमागाच्या कडेले ठेवला अन् मोबाइल पाहात आंगन ते दार, दार ते आंगन चालू. अंकुशनं धोटा थांबवला.

"बस ना वं जरासी. डोस्कं फिरवून राहिली माहं."

"बसन कसी दादा? एकच साक्षीदार भेटला."

रंजिता म्हन्जे अंकुशची लहान बहीन. लहानपनापासून रक्ताचा आजार, सिकलसेल, त शाळेपेक्षा दवाखानाच जास्त पाह्यला तिनं. पन खाटेवर पडल्या पडल्या स्पॅनिश शिकली, अन् जाहिरातीचे, धंद्याचे कागद इंग्रजीतून स्पॅनिश करून द्याची. तिची एक वही होती. एक शब्द, त्याच्यापुढं दोन खाने. एक साक्षीदार डिक्शनरी, दुसरा स्पेनातला कोनी दुकानदार. दोन्ही खान्यात बरोबरची खून झाल्याबिगर शब्द कागदात जाय नाही. माय, जानकीबाई, म्हने, "रजिस्ट्री करून राहिली का वं तहसीलात?"

"डिक्शनरी शहानी असन माय, पन तिनं कधी कापड इकलं का?"

या खेपेले काम घरचंच होतं. मोहाडीच्या विनकरांच्या कोशाच्या रेशमी दुपट्ट्यांची जाहिरात स्पेनच्या व्यापाऱ्याले जाची होती. इंग्रजी कागदात कोनीतरी 'रॉ सिल्क' लिहून ठेवलं. मोबाइलनं झटकन 'सेदा क्रुदा' करून देलं. म्हन्जे कच्चं रेशीम. हे आयकून आदल्या दिवशी अंकुश भडकला होता.

"कच्चं? माह्या हातचं कापड कच्चं? अवं, याचा किडा जंगलात येनाच्या झाडावर राहते. जंगली म्हन!"

तवापासून तिले चैन नाही. शोधलं त खरंच, दोन अलग माल! डिक्शनरीत 'सेदा साल्वाहे' भेटलं, जंगली रेशीम. पह्यल्या खान्यात खून झाली. पन साल्वाहे म्हन्जे रानटी बी होते. "रानटी वाचून कोनती बाई खांद्यावर घेईन?" म्हनून तिनं वालेन्सियाच्या एका कापडवालीले मेल टाकला. जबाब येऊनच नाही राहिला.

दुपारी पाय दुखायले लागले, मंग छाती. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेतानी गाडीत तिचं डोकं अंकुशच्या मांडीवर होतं.

"दादा, क्रुदा जाऊ नोको देजो."

"नाही जाऊ देत."

"मायची शप्पथ?"

"मायची शप्पथ."

संध्याकाळी गेली.

तेरवीच्या आधीच विनकर सोसायटीचे श्यामराव आले. हात जोडले, मंग हळूच म्हनाले, "तो कागद हाये तसाच पाठवू का जी? कोनाले समजते?"

"नाही जी. एकच साक्षीदार हाये अजून."

श्यामराव तसेच परत गेले. अंकुश मागावर बसे अन् उठे. तिचा मोबाइल खिशात वाजला का धोटा टाकून पाहे. रिचार्जचा मेसेज राहे.

सोळाव्या दिवशी जबाब आला. अंकुशची बायको स्वाती, तिनं मोबाइलमधूनच मराठी करून वाचला. "पोरी, माझ्या दुकानाच्या पाटीवरच लिहिलं आहे, सेदा साल्वाहे. बायका याच नावानं मागतात. तुमच्याकडचा नमुना पाठव." संगं पाटीचा फोटो.

अंकुशले इंग्रजी अक्षरं येत नाही. त्यानं वही मांडीवर घेतली, एक बोट फोटोवर, एक वहीवर, अन् अक्षराले अक्षर जुळवत गेला. सगळे जुळले. पुन्हा एकदा पाह्यलं. मंग दुसऱ्या खान्यात बरोबरची खून केली.

मायनं बाहेरच्या सपरीतून इचारलं, "झाली का रे रजिस्ट्री?"